हृदयाचा पहारेकरी घडविणारे डॉ. मिशेल मिरोव्स्की

करोल बागेला निर्वासित हा शब्द परका नाही. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून जी कुटुंबे दिल्लीत आली, त्यांपैकी कितीतरी कुटुंबांनी याच वस्तीत नव्याने चूल मांडली. शेजारच्या राजेंद्र नगरातील सर गंगाराम रुग्णालयाचीही हीच कथा आहे. १९२१ मध्ये लाहोरात स्थापन झालेले ते रुग्णालय फाळणीत सीमेपलीकडे राहिले आणि १९५४ मध्ये त्याच नावाने दिल्लीत पुन्हा उभे झाले. वस्तीतील दुसरे रुग्णालय ज्यांच्या स्मरणार्थ आहे, ते शल्यविशारद डॉ. एन. सी. जोशी १९४७ च्या दंगलीत प्राणास मुकले. सरकारी नोकरीसाठी पुण्या-नागपुराहून आलेले किंवा सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून आलेले आपण मराठी लोक निर्वासित नव्हतो. तरीही गाव मागे ठेवून परक्या मुलखात मुलांच्या शिक्षणाची सोय लावण्याची धडपड आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एका परदेशी निर्वासित वैद्याचे चरित्र सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. हृदयरोगशास्त्रात या वैद्याचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी कल्पिलेले यंत्र आज आपल्या वाचकांपैकी कोणाच्या वडिलांच्या, कोणाच्या भगिनीच्या छातीत बसविलेलेही असेल.

डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९२४ रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव मोर्देखाय फ्रिडमन. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. यहुदी आडनाव धारण करणे हाच अपराध ठरू लागला, तेव्हा वडिलांनी मुलाला अस्सल पोलिश वाटणारे नवे नाव दिले. मिरोव्स्की हे आडनाव त्या वेळचे. वर्ष संपण्यापूर्वी पंधरा वर्षांचा हा मुलगा घर सोडून पूर्वेकडे निघाला. युद्धाची वर्षे त्याने सोव्हिएत प्रदेशात, आजच्या युक्रेनपासून उझबेकिस्तानातील अंदिजानपर्यंत, भटकत काढली. अंदिजान हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातील बाबराचे जन्मगाव. युद्धाच्या अखेरीस तो पोलंडला परतला, तेव्हा त्याच्या कुटुंबातील एकही माणूस जिवंत उरला नव्हता.

मिरोव्स्की यांनी ग्दान्स्क येथे वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला, पण जिथे आपल्या माणसांची राख झाली त्या भूमीत त्यांचे मन रमेना. ते पॅलेस्टाइनला गेले. तेथे त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. मग त्यांनी फ्रान्समधील लियाँ शहर गाठले आणि परक्या भाषेतून वैद्यकाची पदवी संपादन केली. पुढे ते इस्रायलमध्ये आले आणि तेल हाशोमेर येथील रुग्णालयात प्रा. हॅरी हेलर यांच्या हाताखाली काम करू लागले. हृदयरोगांच्या विशेष अभ्यासासाठी त्यांनी मेक्सिको सिटी आणि बाल्टिमोर येथेही काही काळ घालविला. बाल्टिमोरला बालहृदयरोगांच्या थोर तज्ज्ञ हेलन टॉसिग यांच्याकडे त्यांना शिकावयास मिळाले. १९६३ मध्ये ते इस्रायलला परतले आणि आसाफ हारोफे रुग्णालयात हृदयरोग विभागाचे प्रमुख झाले. येथपर्यंतचे चरित्र एका कष्टाळू, हुशार डॉक्टरचे आहे. त्याला वेगळे वळण लागले ते गुरूच्या आजारपणाने.

१९६६ च्या सुमारास प्रा. हेलर यांना हृदयाच्या अतिवेगाचे झटके येऊ लागले. हा विकार समजून घेण्यासाठी हृदयाची स्वाभाविक लय कशी चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे कर्णिकेत, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण साठ ते शंभर वेळा विजेचा सूक्ष्म स्पंद निर्माण करतो. हा स्पंद ठरलेल्या वाटेने खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत, पोहोचतो आणि स्नायू एकदिलाने आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात. काहींच्या हृदयात या वाटेवर अडथळा येतो, ठोके मंदावतात आणि माणसास भोवळ येते. काहींच्या हृदयात, विशेषतः जुन्या हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूवर व्रण उरला असेल तर, वीज त्या व्रणाभोवती चकरा मारू लागते आणि जवनिका बेसुमार वेगाने धावू लागतात. हा वेग आणखी बिघडला की लय पूर्णपणे मोडते. स्नायूचा प्रत्येक तंतू आपापल्या परीने थरथरतो, आकुंचन असे होतच नाही आणि रक्ताभिसरण थांबते. काही सेकंदांत शुद्ध हरपते. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

हृदयविकाराचा झटका आणि हे हृदय थांबणे यांत सामान्यतः गल्लत केली जाते. पहिल्यात हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि छातीतील वेदना सांगू शकतो. दुसऱ्यात विजेची व्यवस्था कोलमडते आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. पण दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. थरथरणाऱ्या हृदयाला औषध पाजता येत नाही. त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे विजेचा जोरकस धक्का. धक्क्याने स्नायूचे बहुतेक सर्व तंतू एकाच क्षणी स्तब्ध होतात आणि त्या शांततेत मूळ पुंजका पुन्हा आपला ताल धरू शकतो.

ही विद्या त्या काळी अगदी नवी होती असे नाही. १९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे क्लॉड बेक यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाचे हृदय उघड्या छातीत विजेच्या धक्क्याने पूर्ववत चालू केले होते. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून धक्का देण्यात यश मिळविले. १९६० च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड लाउन यांनी एकदिश विजेचा अधिक सुरक्षित धक्का प्रचारात आणला. मंद हृदयासाठीचा पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये प्रथमच शरीरात बसविण्यात आला होता. तो ज्यांना बसविला ते आर्ने लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलीत २००१ पर्यंत जगले. परंतु धक्का देणारे यंत्र होते रुग्णालयात, चाकांच्या गाड्यावर, पंधरा-वीस किलो वजनाचे. रुग्ण त्याच खोलीत असेल आणि डॉक्टर हजर असेल, तरच त्याचा उपयोग.

प्रा. हेलर यांच्यापुढे म्हणून दोनच मार्ग होते. उरलेले आयुष्य रुग्णालयातील खाटेवर त्या यंत्राजवळ काढावयाचे, किंवा औषधांवर भरवसा ठेवून घरी जावयाचे. ते घरी गेले. पुढे थोड्याच काळात कुटुंबासमवेत जेवत असताना त्यांना शेवटचा झटका आला आणि ते कोसळले. वाचविणारी विद्या जगात होती, तिचे यंत्रही गावात होते. जेवणाच्या मेजापर्यंत मात्र ते पोहोचू शकले नाही.

ज्या माणसाने पंधराव्या वर्षी घरादारास अंतरल्याचे दुःख सोसले होते, त्याला हा मृत्यू दैवाच्या खात्यावर टाकून देता आला असता. मिरोव्स्की यांनी तसे केले नाही. त्यांच्या मनात एक सरळ प्रश्न उभा राहिला. रुग्ण यंत्राजवळ राहू शकत नसेल, तर यंत्रच रुग्णाच्या आत का राहू नये? पेसमेकर जर छातीत मावतो, तर धक्का देणारे यंत्र का मावू नये? त्यांनी जाणत्यांना विचारले. उत्तर मिळाले की इतके मोठे यंत्र काड्यापेटीएवढे करणे अशक्य आहे. मिरोव्स्की यांचा तर्क निराळा होता. बाहेरून दिलेल्या विजेचा बराचसा भाग कातडी, फासळ्या आणि फुप्फुसे यांतच वाया जातो. तोच धक्का हृदयाच्या आतून दिला, तर त्याचा अल्पांशही पुरेल. वीज कमी लागली की यंत्रही लहान होईल.

इस्रायलमध्ये अशा संशोधनाची साधने नव्हती. १९६८ मध्ये मिरोव्स्की पत्नी अ‍ॅना आणि तीन मुली यांच्यासह बाल्टिमोरला गेले. तेथील साइनाय रुग्णालयाने हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली आणि संशोधनासाठी वेळ देण्याचे मान्य केले. तेथेच मॉर्टन मॉवर या तरुण हृदयरोगतज्ज्ञाची त्यांना साथ मिळाली. पैसा तुटपुंजा होता, म्हणून इकडचे तिकडचे सुटे भाग जमवून दोघांनी १९६९ मध्ये कामास हात घातला. एका कुत्र्याच्या हृदयात शिरेवाटे तार सोडून त्यांनी थरथर थांबवून दाखविली. १९७० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

पुढची वर्षे विरोधाची होती. १९७२ मध्ये हृदयरोगशास्त्रातील एका अग्रगण्य नियतकालिकात लाउन आणि त्यांच्या सहकाऱ्याने या कल्पनेवर कडक टीका केली. हे तेच लाउन, ज्यांच्या यंत्राने रुग्णालयात अनेकांचे प्राण वाचत होते. टीकाकार मत्सरी नव्हते. त्यांच्या शंकांना आधार होता. धोक्याची लय आणि जिना चढताना वाढलेला वेग यांतील भेद यंत्राला कसा कळणार? शुद्धीतील माणसाला चुकून धक्का बसला तर काय? यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी रुग्णाचे हृदय मुद्दाम थांबवावयाचे काय? त्यापेक्षा औषधे आणि शस्त्रक्रिया यांवर भर देणे त्यांना श्रेयस्कर वाटे. एवढ्या मोठ्या नावाचा विरोध झाल्यावर मदतीचे हात आखडले. मिरोव्स्की यांनी शंका टाळल्या नाहीत. एकेक शंका त्यांनी प्रयोगशाळेत नेली आणि तिचे उत्तर यंत्राच्या रचनेत शोधले.

पिट्सबर्गमधील स्टीफन हाइलमन या डॉक्टर-उद्योजकाने आणि त्यांच्या अभियंत्यांनी या कामात हात दिला. १९७५ पर्यंत कुत्र्याच्या शरीरात संपूर्ण बसविता येईल असे यंत्र तयार झाले. त्याचे एक चलच्चित्र मिरोव्स्की सभांतून दाखवीत. कुत्रा उभा आहे, बाहेरून त्याच्या हृदयाची लय बिघडविली जाते, तो कोसळतो. कोणीही त्याला हात लावीत नाही. काही सेकंदांनी आतील यंत्र धक्का देते, कुत्रा उठतो आणि शेपूट हलवितो. सांगतात की, पडण्या-उठण्याची नक्कल कुत्र्याला शिकविता येते, अशी शंका एकाने काढली. तेव्हा पुढच्या चित्रणात मिरोव्स्की यांनी कुत्र्याच्या शेजारी त्याच्या हृदयाचा विद्युत आलेखही दाखविला. आलेखाला नक्कल शिकविता येत नाही.

४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हे यंत्र प्रथम मनुष्याच्या शरीरात बसविण्यात आले. रुग्ण एक महिला होती. शस्त्रक्रिया करणारे डॉ. लेव्हाय वॉटकिन्स हे अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे वाढलेले कृष्णवर्णीय शल्यविशारद होते. ज्या महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, तेथून पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. ज्याला त्याच्या देशाने नाकारले असा यहुदी वैद्य आणि ज्याच्या समाजाला वर्गाच्या दाराशी अडविले गेले असा शल्यविशारद, हे दोघे त्या दिवशी एका कामात सहभागी होते. यंत्र पाव किलोच्या आसपास वजनाचे होते आणि पोटाच्या कातडीखाली ठेवावे लागे. तारा हृदयापर्यंत नेण्यासाठी छाती उघडावी लागे. त्याच वर्षी पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. यंत्राने त्यांच्या हृदयांची मोडलेली लय आपण होऊन सावरली होती.

आरंभी हे यंत्र ज्यांचे हृदय एकाहून अधिक वेळा थांबले होते अशांनाच मिळे. १९८५ मध्ये अमेरिकी सरकारच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली आणि वापर वाढत गेला. दरम्यान टीकाकारांनी ज्या औषधांवर भिस्त ठेवली होती त्यांचीही परीक्षा झाली. १९८९ मध्ये एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, हृदयविकाराच्या झटक्यानंतर लय सुधारण्यासाठी दिलेल्या काही औषधांनी मृत्यू घटण्याऐवजी वाढलेच. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्राणघातक लयदोषातून बचावलेल्या रुग्णांत औषधे घेणाऱ्यांपेक्षा यंत्र बसविलेले अधिक जगले. हा निर्णय ऐकण्यास मिरोव्स्की हयात नव्हते. रक्तपेशींच्या कर्करोगाने २६ मार्च १९९० रोजी बाल्टिमोर येथे, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.

आज हे यंत्र सुमारे सत्तर ग्रॅमचे झाले आहे. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत ते बसवितात आणि तार शिरेतून हृदयात नेतात. बहुधा छाती उघडावी लागत नाही. ते प्रत्येक ठोका मोजते. ठोके मंदावले तर पेसमेकरप्रमाणे सौम्य स्पंद देते. जवनिका अतिवेगाने धावू लागल्या तर आधी त्यांच्याहून किंचित जलद असे काही स्पंद देऊन विजेची चकरा मारणारी वाट तोडते. पुष्कळदा रुग्णास हे कळतही नाही. तेवढ्याने भागले नाही, तर लहानशा बॅटरीतील वीज काही सेकंद साठवून शेकडो व्होल्टचा धक्का देते. शुद्धीत असलेल्या रुग्णाला तो छातीवर लाथ बसावी तसा जाणवतो. १९७२ मधील शंका आजही पूर्ण निमालेल्या नाहीत. कधी कधी गरज नसताना धक्का बसतो, तारेत बिघाड होतो, धक्क्याच्या भीतीने मन खचते. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र बदलावे लागते आणि त्याचा खर्च सामान्य कुटुंबास जड जातो. हे यंत्र मूळ रोग बरा करीत नाही, म्हणून औषधे आणि पथ्य सुटत नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोबाइल फोन यंत्राच्या बाजूच्या खिशात ठेवू नये. किमान वीतभर अंतर असावे. चुंबक, वेल्डिंग आणि इंडक्शन शेगडी यांपासूनही अंतर राखावे. आपल्या वस्तीत याला विशेष महत्त्व आहे, कारण सोने वितळविण्याच्या इंडक्शन भट्टीभोवती तीव्र चुंबकीय क्षेत्र असते. भट्टीवर काम करणाऱ्याने यंत्र बसविण्यापूर्वीच आपल्या कामाची माहिती डॉक्टरांना द्यावी. यंत्राचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे. एकदा धक्का बसला आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ धक्के बसले किंवा भोवळ आली तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या छातीत यंत्र नाही, त्यांच्यासाठी शेजारचा माणूस हाच पहारेकरी. कोणी एकाएकी कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असे दिसले तर ११२ क्रमांकावर मदत मागवावी. त्याच वेळी छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, जोराने दाबत राहावे. यंत्र येईपर्यंत मेंदूकडे रक्त जात राहते ते एवढ्याच कृतीने. जून २०२१ मध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात सामना चालू असताना कोसळला. मैदानावरच मिळालेल्या दाबामुळे आणि धक्क्यामुळे तो वाचला. त्यानंतर त्याला मिरोव्स्की यांच्या यंत्राची आजची आवृत्ती बसविण्यात आली आणि २०२२ च्या विश्वचषकात तो पुन्हा देशासाठी खेळला. छाती दाबण्याचे हे प्रशिक्षण काही तासांत घेता येते. वरच्या इयत्तांतील मुलांना, शिक्षकांना आणि पालकांना ते शाळेत मिळावे, असा विचार या महोत्सवी वर्षात व्हावयास हरकत नाही.

मिरोव्स्की यांच्या यंत्राचा एक विशेष असा की, पुष्कळांच्या छातीत ते वर्षानुवर्षे एकदाही धक्का न देता नुसते ठोके मोजीत राहते. माणूस बाजारात जातो, नातवंडांना शाळेत सोडतो, घरच्यांबरोबर जेवायला बसतो. प्रा. हेलर यांना त्या जेवणाच्या मेजावर जे लाभले नाही, ते आज जगभरातील लाखो लोकांना लाभत आहे. वॉर्सातील एका पित्याने मुलगा जगावा म्हणून त्याला एक उसने नाव दिले होते. मुलगा जगला, आणि त्या उसन्या नावाने त्याने इतरांच्या घरच्या माणसांना जगविले.